डॉड्स अँड हेडली लिमिटेडची लेव्हल

मित्रांनो, रस्त्याच्या कामावर तिपाईवर बसवलेली पिवळी दुर्बीण आणि एक डोळा मिटून तिच्यात पाहणारा माणूस तुम्ही कधीतरी पाहिला असेल. ती दुर्बीण म्हणजे आमची जात. आम्हाला लेव्हल म्हणतात. मी त्यांतली एक म्हातारी. कडांवरचा माझा रंग उडाला आहे, एक स्क्रू मूळचा नाही, आणि पेटीचं चामडी हँडल दोरीने बांधलेलं आहे.

तारे दाखवणं हे माझं काम नव्हे. ही जागा त्या जागेपेक्षा किती उंच, किती खाली, एवढंच मी सांगते. भिंत केसभर खचली तरी मला कळतं. माझ्या काळच्या लेव्हलींची एक खोड मात्र माझ्यातही आहे. माझ्यातून पाहिलं की जग उलटं दिसतं. माणसं डोक्यावर चालतात, धुराडी खाली लोंबतात. नवख्याला चक्कर येते. सवय झाली की तो मनातल्या मनात जग सुलटं करून घेतो.

माझा मालक विल्फ डॉड्स. इंग्लंडात टाइन नदीच्या काठी जॅरो गावात राहायचा. तरुणपणी माझ्या पहिल्या मालकाने मला त्याच्या हातात दिलं, तेव्हापासून मी त्याचीच. ओल्या दिवशी काम संपलं की तो जुन्या शर्टाच्या मऊ तुकड्याने मला पुसायचा आणि पुसताना माझ्याशी बोलायचा. "दमलीस काय गं? मीही दमलो." दरवर्षी तपासणीला पाठवायचा. नव्या आकडे दाखवणाऱ्या लेव्हली आल्या, लोक त्याला हसले, पण त्याने मला टाकलं नाही.

पुढे नोरा हेडली त्याच्या हाताखाली आली. कॉलेज शिकलेली, गेट्सहेडची, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी माझ्यात डोकावून म्हणाली, "विल्फ, ही मोडलीय. सगळं उलटं दिसतंय."

"ती नाही मोडली, पोरी. तू सुलटी उभी आहेस, म्हणून तुला तसं वाटतंय," विल्फ म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला.

ते दोघं मग बरोबरच काम करू लागले. ती माझ्यापाशी, तो टोपी घालून, आकड्यांची उंच पट्टी धरून समोर.

आता त्यांच्या नोकरीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं. काम असायचं बांधकाम कंपनीचं. माणसं पाठवायची एक एजन्सी. आणि पगार द्यायची तिसरीच कंपनी. तिला तिकडे छत्री-कंपनी म्हणतात. कागदावर विल्फ आणि नोरा तिचे नोकर. ती कर कापायची, स्वतःचा वाटा कापायची आणि उरलेला पगार पाठवायची. तिचा एकही माणूस कधी आमच्या चिखलात आला नाही. सोय म्हणून हजारो माणसं अशा छत्र्यांखाली राहतात. नोरा म्हणायची, "विल्फ, आपण आपली स्वतःची कंपनी काढू या ना." विल्फ म्हणायचा, "या वयात मला कुठे डायरेक्टर करतेस? बूट पॉलिश करावे लागतील."

मग ते हॉटेलचं काम आलं. जुन्या विटांच्या भिंतीला लागून तळघरासाठी खोल खोदाई चालली होती. भिंतीवर खुणा ठोकल्या होत्या आणि त्या खुणा खाली जातात का, हे आम्ही पाहायचं. त्या जात होत्या. रोज थोड्या थोड्या. विल्फने मुकादमाला सांगितलं. मुकादम म्हणाला, "एजन्सीला कळव." एजन्सी म्हणाली, "साइटवरच बोला." छत्री-कंपनीने फोनवर संगीत ऐकवलं. दुसऱ्या दिवशी विल्फ पुन्हा पट्टी घेऊन भिंतीपाशी उभा राहिला. "आज आकडा वाईट आला ना, तर मीच काम बंद करतो. मग काय करायचं ते करू देत," तो म्हणाला.

नोराचा डोळा माझ्या काचेला होता.

मित्रांनो, माझ्यात सगळं उलटं दिसतं, हे मी तुम्हाला सांगितलं. ती भिंत माझ्या काचेत कोसळली नाही. ती वर गेली. विटा पाखरांसारख्या वर उडाल्या, आणि त्यांच्या मधोमध पट्टी धरलेला विल्फही वर गेला. नोराने डोळा काढला नाही. मला वाटतं, ज्या क्षणी ती डोळा काढेल त्या क्षणी तो खाली पडलेला असेल, हे तिला ठाऊक होतं.

चौकशीच्या वेळी मला टेबलावर ठेवलं होतं. माझी तपासणी झाली होती. माझ्यात दोष नव्हता. बांधकाम कंपनीचा माणूस उठून म्हणाला, "मृत व्यक्ती आमच्या नोकरीत नव्हती." एजन्सीची बाई म्हणाली, "आम्ही फक्त माणसं पाठवतो." छत्री-कंपनीचा तरुण वकील म्हणाला, "आम्ही फक्त पगार देतो. ती साइट आम्ही पाहिलेलीही नाही." प्रत्येकाचं म्हणणं कागदाप्रमाणे बरोबर होतं. विल्फची बायको डोरीन कान पुढे करून ऐकत होती. तिला कमी ऐकू येतं. तिने नोराला विचारलं, "काय म्हणतायत गं?"

नोरा म्हणाली, "म्हणतायत की तो त्यांचा नव्हता."

"कोणाचाच?"

"कोणाचाच."

छत्री-कंपनीने फुलं पाठवली होती. चिठ्ठीवर नावही चुकलं होतं, विल्यम डॉब्स.

नोरा मला घेऊन पुन्हा कामाला लागली, त्याच छत्रीखाली. पण ती बदलली होती. नवा माणूस पट्टी धरून उभा राही आणि नोरा माझ्यात पाहून काहीच बोलत नसे. तो ओरडायचा, "बाई, आकडा घेतला का?" ती दचकायची. तिचा डोळा पट्टीच्या डावीकडे, थोडा खाली गेलेला असायचा. त्या दिवशीच्या धुळीचा एक कण माझ्या आत शिरून बसला होता. काचेच्या त्या कोपऱ्यात तो एखाद्या टोपी घातलेल्या माणसासारखा दिसायचा. दुरुस्तीवाल्याने विचारलं, "काढून टाकू?" ती म्हणाली, "आकड्याच्या आड येत नाही ना? मग असू दे." काही दिवस तो माणूस मला समोरच्या भिंतीच्या अधिक जवळ वाटे, काही दिवस लांब. धूळ हलत नाही हे मला कळतं. तरी वाटे.

एका रविवारी ती डोरीनकडे गेली. मीही गाडीतून तिच्याबरोबर. डोरीनने स्टॉटी नावाचा तिकडचा जाड पाव कापला, त्यात हॅम आणि वाटाण्याचा लगदा भरला. नोराने घास न घेताच सांगून टाकलं.

"डोरीन, मी छत्री सोडतेय. स्वतःची कंपनी काढतेय. विल्फचं नाव पुढे लावायचंय. डॉड्स अँड हेडली लिमिटेड. तुम्ही हो म्हणालात तरच."

"लिमिटेड म्हणजे?"

"म्हणजे मर्यादित."

"काय मर्यादित?"

नोरा जरा अडखळली. "जबाबदारी."

डोरीनने सुरी खाली ठेवली. "मग त्याचं नाव नको लावूस, पोरी. त्याच्या बाबतीत सगळ्यांनी हेच केलं की."

हिशेबनीसाने तिला सगळं समजावलं होतं. कंपनी बुडाली तर घर जात नाही, कर कसा भरायचा, विमा कोणता घ्यायचा. हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "मर्यादा कर्जाला असते, डोरीन. कागदावर सही माझी असेल. काही झालं तर कोणीतरी विचारेल, ही कोणाची माणसं? तेव्हा उठून उभं राहायला मी असेन."

डोरीनने पावाची बशी तिच्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "कंपनीचा पत्ता इथला दे. फोनही इथेच येऊ दे."

"का हो?"

"कोणीतरी त्याला विचारत फोन करेल. मला ते ऐकायचंय."

कंपनी काढणं फार सोपं निघालं. कायदा कंपनीलाही माणूस मानतो; त्याने एक नवा माणूस जन्माला घातला. त्याला हातपाय नव्हते, पण नाव होतं, पत्ता होता. माझी पेटी डोरीनच्या स्वयंपाकघरात, दाराजवळ आली. फोन येऊ लागले. कोणी विमा विकायचं, कोणी प्रिंटरची शाई विकायचं. विचारायचे मात्र सगळे एकच. "मिस्टर डॉड्स आहेत का?"

डोरीन शांतपणे सांगायची, "साइटवर गेलेत."

पहिल्यांदा नोराने हे ऐकलं तेव्हा तिने कप खाली ठेवून डोरीनकडे पाहिलं. पुढे पुढे नोरा स्वतःच बाहेरून आली की चुकून पायपुसण्यापाशी थांबायची, मागून येणाऱ्यासाठी दार धरून. मागे कोणी नसायचं. डोरीन म्हणायची, "लाव दार. थंडी येतेय."

कामं मात्र मिळेनात. मोठ्या कंपन्या नोराला सांगत, "तुमचं काम चांगलं आहे हो, पण छत्रीतून या. आम्हाला ते बरं पडतं." सगळा हिवाळा मी पेटीत काढला. नोराचा चेहरा उतरत गेला. वसंतात क्रेग नावाच्या साइट मॅनेजरने तिला बोलावलं. गेट्सहेडला दुकानाखाली तळघर खोदायचं होतं. शेजारच्या घरात ओसी प्रिंगल नावाचा एकटा म्हातारा राहायचा; त्याची मुलगी जवळच असायची. आमच्या खुणा त्याच्याच भिंतीवर होत्या.

त्या खाली जाऊ लागल्या.

नोराने मला दुसरीकडे लावून पाहिलं. तिसरीकडे लावून पाहिलं. माझ्या नळीतला, मी सपाट बसले की नाही ते दाखवणारा बुडबुडा स्थिर होता. आकडा तोच येत होता. ती क्रेगकडे गेली. "भिंत खचतेय. खोदाई थांबवा, आधी टेकू लावा."

"जुनी घरं जरा बसतातच," क्रेग म्हणाला. "भिंत ठीक आहे असं लिहून द्या. काँक्रीट उद्या येतंय."

"नाही देणार."

"छत्रीतली माणसं एवढे नखरे करत नाहीत, बाई."

"मी छत्रीत नाही."

"तेच तर! हे काम गेलं तर दुसरं आहे का तुमच्याकडे? बघा बुवा, विचार करा."

दुसरं नव्हतं. नोरा माझ्यापाशी परत आली आणि तिने पुन्हा काचेला डोळा लावला. कोपऱ्यातला तो टोपीवाला ओसीच्या भिंतीला अगदी चिकटून उभा होता. तिचा श्वास माझ्या काचेवर धुक्यासारखा जमला. "बाजूला हो," ती पुटपुटली. "विल्फ, बाजूला हो ना."

मग ती उठली, सरळ गेली आणि तिने ओसीचं दार वाजवलं.

"आजोबा, मुलीकडे जा राहायला. आत्ता."

"आणि परसातले माझे लीक? कांद्याच्या पातीएवढे असल्यापासून वाढवलेत, यंदा भाज्यांची स्पर्धा आहे!"

"मी पाणी घालीन तुमच्या लीकना. तुम्ही आधी निघा."

म्हातारा शिव्या देत, चपला घालत बाहेर पडला. क्रेगने ते पाहिलं आणि नोराला फाटकाबाहेर काढलं.

आम्ही डोरीनकडे आलो. नोरा कोट न काढताच बसली. तेवढ्यात क्रेगचा फोन आला. डोरीनला ऐकू यावं म्हणून त्याचा आवाज मोठा ठेवलेला असतो.

"मिस्टर डॉड्स आहेत का? तुमच्या त्या बाईची तक्रार करायचीय. नाव तुमचं पहिलं आहे, म्हणजे थोरले तुम्हीच ना? तिनं शेजारी घाबरवून सोडलेत."

नोराने हात पुढे केला. डोरीनने तो बाजूला सारला.

"मिस्टर डॉड्स भिंतीखाली गेले," ती म्हणाली. "असाच आकडा सांगत होते. ऐकलं नाही कोणी. मी त्यांची बायको. तुम्हाला काय सांगायचंय ते मला सांगा."

पलीकडून यंत्राची घरघर येत होती. मग ती थांबली. फोन न बोलताच ठेवला गेला.

सकाळी नोरा लीकना पाणी घालायला गेली, तेव्हा ओसीच्या भिंतीला टेकू लागलेले होते. काँक्रीटच्या गाड्या आल्याच नव्हत्या. क्रेगने तिच्याकडे पाहिलं नाही, आणि त्या कंपनीने तिला पुन्हा कधी बोलावलंही नाही. भिंत अजून उभी आहे. टेकू नसते तर ती पडली असती का, हे कोणालाच सांगता येणार नाही. ओसी तर अजून म्हणतो की त्या बाईपायी त्याची स्पर्धा हुकली.

डॉड्स अँड हेडलीला आता लहानसहान कामं मिळतात. नोरा नवी लेव्हल वापरते, तिच्यात जग सुलटं दिसतं. मी दाराजवळच्या पेटीत असते. कुलपाला गंज चढला आहे, काचेवर बुरशीची जाळी येऊ लागली आहे. डोरीन कधीतरी माझ्यावर चहाचा ट्रे ठेवते. फोनवर मात्र ती आता वेगळं सांगते. "ते वारले. काम नोरा करेल." पहिल्यांदा ती हे म्हणाली, तेव्हा ती उभ्या उभ्या खूप रडली. आणि तरीही मित्रांनो, घर रिकामं असलं की कधी कधी पेटीच्या झाकणावर मऊ कापड फिरल्याचा आवाज मला येतो. मी ते कोणाला सांगत नाही.

जुन्या वस्तू पुसून ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार होते. तेही करा. पण रस्त्याकडेला भिंतीपाशी कोणी टोपी घालून, पट्टी धरून उभा दिसला, तर क्षणभर थांबा. त्याला त्याचं नाव विचारा आणि ते नीट लक्षात ठेवा.