जयवंताआत्यानं दुरुस्त केलेला मंगळ

प्रियदर्शिनीनं दारात चपला काढल्या, हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि आपला मंगळ तिला ओळखूच आला नाही.

सकाळी ती ऑफिसला निघाली तेव्हा तो उद्ध्वस्त होता. नीट, आठ महिने खपून उद्ध्वस्त केलेला होता. थर्मोकोलच्या इमारतींचे कोपरे तिनं कटरनं कुरतडले होते, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचे पत्रे करून त्यांना चहाच्या चोथ्यानं गंज चढवला होता, पेनांच्या टोपणांची धुराडी अर्ध्यात मोडली होती आणि सगळ्यावर तांबड्या मातीचा हलका थर दिला होता. माणसं सोडून गेलेली मंगळावरची खाणवस्ती. टेबलावर फासे टाकून खेळायच्या अंतराळयुद्धात सैनिक असतात बोटाच्या पेराएवढे. त्यांना लपायला, चढायला, फटीतून नेम धरायला अशी पडकी दुनिया लागते, आणि ती कोणीतरी हातानं बनवावी लागते.

क्लबच्या स्पर्धेचा अंतिम सामना दरवर्षी हर्षवर्धनच्या टेबलावर व्हायचा. हर्षवर्धनचं टेबल म्हणजे बुटांची खोकी आणि त्यांना फासलेला करडा रंग. यंदा पहिल्यांदाच सगळ्यांनी प्रियदर्शिनीचं टेबल निवडलं होतं. शनिवारी सकाळी ते हिमायतनगरच्या हॉलमध्ये पोचलं पाहिजे, नाहीतर पुन्हा बुटांची खोकी. आज गुरुवार. मागच्या खोलीत ओल आली म्हणून तिनं शेवटचं वार्निश वाळायला अख्खी फळी हॉलमधल्या दिवाणावर, पंख्याखाली ठेवली होती. तिथंच ती चुकली. ज्या घरात महालक्ष्म्या बसतात, त्या घरात भाद्रपदात सपाट असं काहीही उघड्यावर ठेवू नये, हे तिला तिसाव्या वर्षी तरी कळायला हवं होतं.

आता मंगळावर एकही भिंत पडकी नव्हती.

मैद्याची खळ आणि वर्तमानपत्राचे कपटे यांनी प्रत्येक भगदाड बुजवलं होतं. मोडकी धुराडी काड्या खुपसून सरळ उभी केली होती. गंजक्या पत्र्यांना पांढराशुभ्र रंग लागला होता, आणि तो तिच्याच डब्यातला होता. दारादारांवर हिरव्या कागदाची तोरणं होती. खाणीच्या मुख्य रस्त्यावरून, तिनं जीव लावून कोरलेल्या रणगाड्यांच्या चाकोऱ्यांवरून, कान कोरायच्या काडीनं काढलेली लक्ष्मीची इवली लाल पावलं ओळीनं वस्तीत शिरली होती. फळीच्या मागच्या कडेवर दोन लोखंडी कोठ्या रोवल्या होत्या, त्यांवर नव्या साड्या, मुखवटे, नथी. ज्येष्ठा आणि कनिष्ठा आपल्या मंगळाकडे प्रसन्न मुद्रेनं बघत होत्या.

"आलीस का?" जयवंताआत्या आतून हात पुसत आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. दरवर्षी महालक्ष्म्यांचे तीन दिवस ती अंबरपेठेतून बरकतपुऱ्याला माहेरी यायची आणि त्या तीन दिवसांत घरात तिचंच राज्य असायचं. "बघ, कसं मस्त झालं! सकाळधरून बसले. तुझा समदा पसारा कामी आणला."

"आत्या, हे काय केलंस तू?"

"डागडुजी. आगं, पडकं-झडकं ठेवतेत का लक्ष्मीपुढं? घरात येताना तिला काय दिसावं, भगदाडं?"

"मला भगदाडंच हवी होती! एकेक भगदाड मी हातानं केलंय! आठ महिने!"

"हौ, दिसलं मला," आत्या समजुतीच्या सुरात म्हणाली. "कटर बरोबर चालत नसंल."

प्रियदर्शिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं आईकडे पाहिलं. पद्मावती स्वयंपाकघराच्या दारात पुरणाची डाळ निवडत उभी होती आणि नणंदेपुढे काही चालत नाही हे तीस वर्षं जाणून असलेल्या बाईचा चेहरा करून होती. बाबा पहिला आवाज चढताच पिशवी घेऊन गुडीमल्कापूरला फुलं आणायला निघून गेले होते. फुलं घरात दोन टोपल्या होती.

"आई, तू अडवलं नाहीस?"

"मी म्हटलं, पोरीला फोन करून विचारा. तर म्हणाल्या, नको, सरप्राइज आहे."

"ठीक आहे. आपण कोठ्या जरा उचलू, मी फळी ओढून घेते."

"अय्यो!" दोघी एका सुरात ओरडल्या. घरात बाकी कशावरही दोघींचं एकमत होत नसे.

"बसलेल्या महालक्ष्म्या हलवतेत का कुठं?" आत्या म्हणाली. "शनिवारी सांजच्याला विसर्जन. तवर बोट लावायचं नाही."

शनिवारी संध्याकाळी तर बक्षीस वाटून हॉलला कुलूप लागलेलं असणार. प्रियदर्शिनीनं हर्षवर्धनला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो थोडा वेळ हसला, मग म्हणाला, "नक्को टेन्शन लेव. मेरा टेबल है ना." हे त्यानं इतक्या मायेनं म्हटलं, की तिला फोन भिंतीवर फेकावासा वाटला.

शुक्रवारी पूजन. पुरणपोळ्या झाल्या, आंबील झाली, सोळा भाज्या झाल्या. प्रियदर्शिनीनं सुट्टी काढली होती ती टेबलावर शेवटचा हात फिरवायला, आणि दिवस गेला तो केळीची पानं पुसण्यात. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायकांची रीघ लागली. दरवर्षी त्या साड्यांकडे आणि नथींकडे बघायच्या. यंदा प्रत्येक बाई फळीशी वाकून उभी राहायची आणि हलायचं नाव घ्यायची नाही. दोघींनी फोटो काढले. एकीनं विचारलं, नळाचं पाणी कुठून येतं या गावाला. एका बाईंनी एक धुराडं उपटून पाहिलं, "अरे, हे तर पेनाचं टोपण!" म्हणून आनंदानं ओरडल्या आणि उलटं खोचून ठेवलं.

चिक्कडपल्लीच्या देशपांडेबाईंनी विचारलं, "कशाचा देखावा गं हा?"

"मंगळ आहे," प्रियदर्शिनी दात आवळून म्हणाली.

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे गं. आजकाल कोणी पत्रिका बघत नाही. होईल लग्न."

आठ महिने या घरात त्या फळीला 'कचरा' म्हणत. आता सगळं गाव तिचं कौतुक करत होतं, आणि ज्या गोष्टीचं कौतुक चाललं होतं ती तिनं केलेलीच नव्हती. हसावं की रडावं हे न कळून ती प्रसादाच्या पुड्या वाटत राहिली.

शेवटची सवाशीण उंबरठ्याबाहेर पडली आणि तिनं आत्याला गाठलं.

"आत्या, मूळ नक्षत्र सकाळीच लागतंय. मी पंचांग बघितलंय. सकाळी विसर्जन करू."

"आपल्यात सांजच्यालाच असतंय."

"एक वर्ष सकाळी केलं तर काय होतं? माझी मॅच आहे! पुण्याहून, बेंगळूरहून लोक आलेत. ते माझं टेबल बघायला आलेत, आत्या, लापशी फासलेलं गोकुळ बघायला नाही!"

"खळ हाय ती. लापशी नाही."

झालं. एवढं पुरे झालं. "तुला एवढी हौस होती ना," प्रियदर्शिनी ओरडली, "तर तुझ्या घरी करायचं होतंस! दुसऱ्याच्या कामात कायकू हात घालतीस?"

पद्मावतीच्या हातातलं तबक जागच्या जागी थांबलं. आत्याच्या घरी महालक्ष्म्या बसत नाहीत. तिचे मुखवटे अंबरपेठेच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, ट्रंकेत आहेत, आणि गेली बावीस-तेवीस वर्षं त्याबद्दल या घरात कोणी बोलत नाही. प्रियदर्शिनीला शब्द तोंडातून सुटल्यावर ते आठवलं, आणि सुटलेले शब्द काही परत घेता येत नाहीत.

आत्या चिडली नाही. तिनं समईची वात पुढे केली, बोटाचं तेल केसाला पुसलं.

"माझ्याच घरी केलं की गं," ती म्हणाली, आणि फळीच्या मधोमध बोट दाखवलं.

तिथं निळी इमारत होती. सगळ्या मंगळावर प्रियदर्शिनीचा सगळ्यात लाडका तुकडा. तिनं ती समोरून अख्खी फाडली होती, म्हणजे आतली निळी भिंत दिसावी, भिंतीतला कोनाडा दिसावा, आणि अर्ध्यात तुटून अधांतरी लोंबणारा जिना दिसावा. नेमबाज बसवायला अशी जागा दुसऱ्या कोणत्याच टेबलावर नव्हती. आता तिला पुढून कागदाची भिंत होती, भिंतीत दार होतं, दाराला उंबरठा होता. लाल पावलांची ओळ त्या उंबरठ्यापाशी संपत होती.

"चिक्कडपल्लीचं माझं घर हाय हे," आत्या म्हणाली. "तू केलंस, अन् तुलाच माहीत नाही? रस्ता रुंद केला तवा पुढचं अर्धं गेलं. वरीसभर आम्ही ताडपत्री बांधून राहिलो. वारं सुटलं की ती उडायची. रस्त्यानं जाणारा-येणारा माझा कोनाडा बघायचा. पोळ्या लाटताना सुद्धा मी पदर सावरून बसायचे. उंबराच नाही, तर लक्ष्मीला कुठून आत घ्यावं? मग ठेवले मुखवटे ट्रंकेत."

प्रियदर्शिनीनं निळ्या इमारतीकडे पाहिलं. तिला तो जिना आठवला. सात-आठ वर्षांची असताना त्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ती पाय हलवायची, खालून बस जायच्या, आणि जगात यापेक्षा भारी घर नाही असं तिला वाटायचं. रस्ता दिसणारं घर! फळीवर निळा रंग लावताना तिला वाटलं होतं, काय डोकं चाललं आपलं.

"तुला चांगलंच वाटत असंल, तू लेकरू होतीस," आत्या म्हणाली. "मला बाकीचं काय कळत नाही बघ. हे एक घर ओळखू आलं, म्हणून नीट करायला बसले. मग म्हटलं, आपलंच तेवढं कसं करावं? शेजारीपाजारी काय म्हणतील? म्हणून समद्यांचीच केली."

रात्री जेवताना बाबांनी आंबिलीचं कौतुक केलं आणि कोणी साथ न दिल्यानं स्वतःच आणखी वाढून घेतली.

सकाळी प्रियदर्शिनी उठली तेव्हा घरात दहीभाताचा आणि उदबत्तीचा वास होता. आत्या आंघोळ करून, ओल्या केसांनी पूजेला बसली होती. तिनं नैवेद्य दाखवला, अक्षता टाकल्या, दोन्ही मुखवट्यांना हात लावून किंचित हलवलं आणि "पुढल्या वर्षी लवकर या, बाई" म्हणाली. मग प्रियदर्शिनीकडे न बघता म्हणाली, "नक्षत्र लागलंय. उचल तुझं. आणि कोठ्या नीट धर, साड्या चुरगळतील."

कोठ्या उतरल्या. प्रियदर्शिनी कटर घेऊन फळीशी बसली. टेम्पो यायला फार वेळ नव्हता. खळ अजून पुरती वाळली नव्हती, ओढली की सालीसारखी निघत होती. तिनं धुराडी मोडली, भगदाडं मोकळी केली, तोरणं उपटली, पांढऱ्या पत्र्यांवर चहाचा चोथा दाबून दाबून फासला. हात चालत होते आणि तोंडही चालत होतं: मैद्याला, पंचांगाला, ओल आलेल्या खोलीला, हर्षवर्धनच्या खोक्यांना ती नावं ठेवत होती. पावलं मात्र निघेनात. आत्यानं तिचाच पक्का रंग वापरला होता.

शेवटी निळी इमारत राहिली. तिनं कटरचं पातं कागदी भिंतीच्या कडेला लावलं.

"काढ, काढ," आत्या मागून म्हणाली. "तुझं काम हाय ते. मला काय वाईट वाटायचं नाही." आणि नळ सोडून भांडी घासायला लागली. कालची सगळी भांडी कालच घासून झाली होती.

पातं आत घालण्याआधी प्रियदर्शिनीनं वाकून त्या दारातून आत पाहिलं. कोनाड्यात हळदीनं पिवळ्या केलेल्या पिठाचे दोन ठिपके शेजारी शेजारी चिकटवलेले होते. मोहरीएवढे. सुईच्या टोकानं त्यांना डोळे काढले होते.

तिनं कटर मिटलं. "काय वैताग आहे या घरात!" असं मोठ्यानं म्हणाली आणि टेम्पोवाल्याला फोन लावला.

हिमायतनगरच्या हॉलमध्ये टेबलाभोवती गर्दी झाली. बेंगळूरचा खेळाडू लाल पावलांवर बोट ठेवून म्हणाला, हे जखमी सैनिकाच्या रक्ताचे डाग फार झकास जमलेत. प्रियदर्शिनीनं डोळे मिटले आणि उघडले. हर्षवर्धन पंच होता, हातात नियमांचा कागद. तो टेबलाभोवती एक चक्कर मारून निळ्या इमारतीपाशी थांबला.

"पूरा शहर टूटा हुआ है, और ये एक साबूत कैसे?" त्यानं विचारलं. "नेम कैसे धरना? जीना किधर गया? वो जीना देख के तो हम लोगां तेरा टेबल पसंद करे थे."

"जीना अंदर है."

"तो अंदर कैसे जाना? रूल बोल. कॅप्चर कौन कर सकता?"

"कोई नहीं. फायर भी नहीं करना उस पे."

"क्या बाता करती यार, बीच टेबल में! कायकू?"

प्रियदर्शिनीनं खिशातून काडी काढली आणि उंबरठ्यावर उडालेली तांबडी माती हळूच झाडली.

"लोगां रहते वहाँ," ती म्हणाली. "फासे टाक."