पूजेत न बसलेला जॅक

मित्रांनो, पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिटरचा मी जुना जॅक आहे. चार लोखंडी चाके, एक लांब दांडा, पोटात तेल आणि डोक्यावर बशीएवढी वाटी, एवढाच माझा देह. ती वाटी गाडीच्या पोटाला टेकवायची, दांडा वरखाली मारायचा, की गाडी उचलली जाते. हे काम मी आयुष्यभर अभिमानाने केले. पण आज मी अभिमान सांगायला आलेलो नाही. मी घाबरलेला आहे. एका दुपारी जी भीती माझ्या पोटात शिरली, ती अजून गेलेली नाही.

माझा जन्म कोइम्बतूरच्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. तिथून मी चेन्नईत आलो. एग्मोर स्टेशनाजवळ पुदुपेट्टै नावाची वस्ती आहे, तिथे गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानेच दुकाने आहेत. अशाच एका दुकानात त्या फिटरने, एकोजीरावांनी, मला पाहिले. त्यांनी आधी माझा रंग पाहिला नाही. त्यांनी मला उलटे केले, माझ्या चाकांना बोट लावले, कान लावून तेलाचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "हा येऊ दे."

मग कितीतरी वर्षे मी कामात होतो. शेजाऱ्यांच्या अँबॅसेडर गाड्या, रिक्षा, एका शाळेची व्हॅन, सगळी वजने मी उचलली. एकोजीराव तंजावरकडचे मराठी. बोलता बोलता मधेच तमिळ शब्द यायचे, पण कामाचे नियम ते मराठीतच सांगायचे. "आधी मागच्या चाकांना ठोकळे. मग जॅक. मग घोड्या. मग गाडी हलव. ती पडायची असेल तर तू बाहेर असताना पडू दे."

घोड्या म्हणजे तीन पायांचे दोन लोखंडी आधार. माझ्याबरोबरच आणलेल्या. मी गाडी उचलायची आणि त्यांनी धरून ठेवायची, अशी आमची वाटणी होती. माझ्या पोटात तेल आहे, तेल कधी दगा देईल सांगता येत नाही. घोड्यांच्या पोटात काहीच नाही, त्या नुसत्या उभ्या राहतात. म्हणूनच त्या माझ्यापेक्षा भरवशाच्या.

माझ्या अंगावर एक पिवळी पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर काय लिहिले आहे ते मला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. अक्षर मला फार उशिरा कळले. एकोजीरावांचा मुलगा प्राणेश इंजिनियर झाला, सिरुसेरीला मोठ्या ऑफिसात जाऊ लागला, तेव्हा एक दिवस त्याने ती पट्टी वाचली आणि हसत सुटला. "अप्पा, इथे लिहिलंय, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. तुमचंच वाक्य इंग्रजीत छापलंय!"

"माझंच चोरलं त्यांनी," एकोजीराव म्हणाले. "विचारलं पण नाही."

पुढे प्राणेशने एक गाडी घेतली. जुनी, पण दोन दारांची, पिवळीधमक, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी. स्पोर्ट्स कार. वेलचेरीच्या आमच्या इमारतीखाली ती उभी राहिली की तिसऱ्या मजल्यावरून सईबाई, म्हणजे प्राणेशची आई, म्हणायच्या, "एवढी गाडी, आणि आत बसायला माणसाला अंग चोरावं लागतं. कोणासाठी करतात रे असल्या?"

त्या गाडीखाली माझे डोकेच शिरेना. प्राणेश म्हणाला, "अप्पा, या जॅकला म्युझियममध्ये ठेवू या." तेव्हा एकोजीरावांनी जुन्या दाराच्या दोन जाड फळ्या कापल्या. पुढची चाके हळूच त्या फळ्यांवर चढवायची, गाडी चार बोटे वर येते, मग मी खाली सरकतो. माझ्या वाटीत लाकडाचा एक चौकोन ठेवायचा, म्हणजे गाडीचा पत्रा चेपत नाही. दर दोन महिन्यांनी बापलेक असे गाडीखाली काम करायचे आणि भांडायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

पण मी म्हातारा होत होतो. माझ्या आतले रबरी सील चिरले. तेल कणाकणाने झिरपू लागले, उचललेली गाडी हळूहळू खाली बसू लागली. एकोजीरावांना ते दिसले. त्यांनी माझ्याखाली एक पुठ्ठा सारला आणि म्हणाले, "दीपावळीनंतर सील बदलू." ती दीपावळी गेली. दुसरीही गेली. घोड्या होत्या ना, म्हणून कोणाला घाई वाटली नाही.

मित्रांनो, आता त्या दुपारचे सांगतो.

तो आयुधपूजेचा दिवस होता. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सारी अवजारे धुऊन, चंदन कुंकू लावून देवीसमोर ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. पाने, हातोडी, कानस, सईबाईंची कात्री, प्राणेशचा लॅपटॉप, सगळे लाल कापडावर बसले. दोन्ही घोड्या रॉकेलने पुसून वर नेल्या, त्यांना चमेलीच्या माळा घातल्या. मलाही न्यायचे होते. पण लिफ्ट बंद होती, मी जड, आणि माझ्यातून तेल गळत होते.

"त्याला वर वेंडाम, नको," सईबाई म्हणाल्या. "नव्या कापडाला डाग पडेल."

मी खालीच राहिलो. मला वाईट वाटले हे खोटे कशाला लपवू?

दुपारी तीनच्या सुमारास प्राणेश धावत खाली आला. मोठ्या पावसाचा इशारा आला होता. वेलचेरीत पाणी भरते हे लहान मुलालाही माहीत आहे. सगळे लोक आपापल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन ठेवत होते. प्राणेशने गाडी सुरू केली तर खालून खरखर आवाज आला. गाडीच्या पोटाखालचे प्लॅस्टिकचे आवरण सुटून जमिनीला लोंबत होते. दोन बोल्ट पिळायचे होते, बस. त्याने फोन स्पीकरवर लावून गाडीच्या टपावर ठेवला, त्यामुळे सगळे बोलणे मला ऐकू आले.

"अप्पा, दोन्ही घोड्या द्या. मी वर येतो न्यायला."

"आज? चंदन अजून ओलं आहे."

"पाणी यायच्या आत गाडी पुलावर न्यायची आहे, अप्पा. पाच मिनिटं."

"देवीपुढे निजवलेलं आयुध आज उठवत नाहीत. माझ्या आजोबांनी नाही उठवलं. दुसऱ्या कोणाला बोलाव, गाडी ओढून नेऊ दे."

"आज कोण येणार? सगळ्यांची अवजारं देवीपुढेच आहेत!"

"मग राहू दे गाडी. पण खाली शिरू नकोस. ऐकलंस का?"

"सरी, अप्पा. बरं."

त्याने फोन बंद केला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू तर पूजेत नाहीस ना?"

मला जीभ असती तर मी किंचाळलो असतो. त्याने पुढची चाके फळ्यांवर चढवली. मागच्या चाकांना ठोकळे लावले. मला खाली सरकवले, दांडा मारला. गाडी वर आली. फळ्या अंगाला लागत होत्या म्हणून त्याने त्या काढून टाकल्या. दांडा पायात येत होता म्हणून तोही काढून भिंतीशी ठेवला. गाडी हलवून पाहिली नाही. डिकीत पडून राहिलेला एक पाना घेतला, उताणा होऊन पुढून आत सरकला आणि त्याची छाती बरोबर माझ्या शेजारी आली. त्याच्या श्वासाची ऊब मला लागत होती.

पहिला बोल्ट पिळून झाला. माझ्या पोटातले तेल सरकले. केसाएवढे. मग आणखी केसाएवढे. मी सारा जीव एकवटून धरत होतो, पण चिरलेले रबर जीव एकवटल्याने जुळत नाही. माझ्या बुडातून तेलाची एक बारीक रेघ निघाली आणि जमिनीवरून त्याच्या कोपराकडे गेली. त्याने ती पाहिली नाही. तो वर पाहत होता.

दुसरा बोल्ट नीट लागेना. "ये ना रे," तो त्या बोल्टला म्हणत होता. तेवढ्यात गाडी त्याच्या शर्टाच्या बटणांना लागली. त्याने हाताने चाचपले. मग त्याला समजले. त्याने बाहेर सरकायला पाय टेकवले, पण छाती अडकली होती. त्याने पायाने माझा दांडा शोधला. दांडा भिंतीशी होता.

"आई!" तो ओरडला. एकदाच मोठ्याने. त्यानंतर मोठ्याने ओरडण्याएवढा श्वास त्याला मिळाला नाही. रस्त्यावर कोणीतरी पूजेचे फटाके लावत होते. टपावर फोन वाजला आणि वाजून वाजून थांबला. मी खचत होतो. देवा, माझ्याच अंगाने हे होत होते.

त्याच वेळी जिन्यात पावले वाजली. सईबाई खाली येत होत्या. त्यांच्या हातात कुंकवाचा करंडा आणि चुरमुऱ्यांची वाटी होती. त्या माझ्याकडेच येत होत्या. मला पूजेतून वगळल्याचे त्यांच्या मनाला लागले होते. येता येता मोठ्याने बोलत होत्या, "कन्ना, बाळा, फोन का घेत नाहीस? तुझ्या अप्पांच्या त्या जॅकला एक बोट कुंकू लावते. बिचारा एकटाच..."

मग त्यांना ते दोन पाय दिसले. न हलणारे.

वाटी पडली. त्या गुडघ्यावर बसल्या, आत पाहिले. प्राणेशचे ओठ निळे पडले होते. त्याने डोळ्यांनी भिंतीकडे दाखवले. सईबाईंनी दांडा उचलून माझ्या खोबणीत बसवला.

मित्रांनो, हे नीट ऐका. तो दांडा वरखाली केला तर गाडी वर जाते. पण तोच दांडा डावीकडे पिळला तर माझे तेल एकदम सुटते आणि गाडी धाडकन खाली येते. सईबाईंनी मला कधी हात लावला नव्हता. त्यांना हे कोणी शिकवले नव्हते. 'पिळू नका, आई, पिळू नका,' मी मनात आकांत करत होतो.

त्यांनी पिळला नाही. चेन्नईतल्या पाणीटंचाईच्या दिवसांत गल्लीतल्या हातपंपावर घागरी भरण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. दांडा हाती आला की त्यांच्या हातांना एकच गोष्ट येत होती. वर, खाली. वर, खाली. गाडी बोटभर उचलली गेली. प्राणेशने घशातून आवाज करत श्वास घेतला.

पण दांडा थांबला की मी पुन्हा खचू लागायचो. त्यांना दांडा सोडता येईना, प्राणेशला ओढता येईना. त्या तशाच दांडा मारत जिन्याकडे तोंड करून ओरडल्या, "अहो! घोड्या आणा! पोरगा खाली आहे!"

वरून काहीच उत्तर आले नाही. एकोजीरावांना कमी ऐकू येते.

"अहो!" त्यांनी पुन्हा हाक मारली, आणि मग त्यांच्या तोंडून ते आले जे चाळीस वर्षांच्या संसारात आले नव्हते. "एकोजी! खाली ये!"

नवऱ्याला नावाने मारलेली ती हाक कोणत्या तरी खिडकीतून शेजाऱ्यांनी वर पोचवली. मग तीन मजल्यांवरून लोखंड आपटत येण्याचा आवाज आला. एकाहत्तर वर्षांचे एकोजीराव दोन हातांत दोन घोड्या घेऊन उतरत होते. माळा अजून घोड्यांच्या गळ्यात होत्या. पोटावर आडवे झाले, ओल्या चंदनाने बरबटलेली घोडी गाडीच्या मजबूत पट्टीखाली सरकवली, मग दुसरी बाजू. "आता सोड, सई."

सईबाईंनी दांडा सोडला. मी खचलो. गाडी खचली नाही. दोन शेजाऱ्यांनी प्राणेशला पाय धरून बाहेर ओढले.

त्याच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. त्याला दवाखान्यात नेले आणि तासाभरात पाऊस आला. वाहनतळात कमरेएवढे पाणी चढले. ज्या गाडीसाठी हे झाले ती घोड्यांवर उभी राहूनही बुडाली. तिच्याकडे पाहायला कोणी आले नाही. मी दोन दिवस पाण्याखाली होतो. मला ते बरे वाटले.

पाणी ओसरल्यावर एकोजीरावांनी मला पायरीवर घेतले आणि खोलले. ते सील त्यांनी दोन बोटांत धरून उजेडाकडे केले. आरपार दिसत होते. प्राणेश छातीला पट्टा बांधून शेजारी बसला होता.

"हे मला ठाऊक होतं," एकोजीराव म्हणाले. "दोन वर्षं."

"मलाही ठाऊक होतं, अप्पा."

"तुम्हा दोघांना ठाऊक होतं," सईबाई दारातून म्हणाल्या. "आणि जिला ठाऊक नव्हतं, तिनं दांडा मारला."

एकोजीरावांनी ते सील सईबाईंच्या हातावर ठेवले आणि नवे आणायला पिशवी घेऊन उठले.

आता माझ्यात नवे सील आहे. तेलही नवे आहे. एकोजीराव म्हणतात मी आणखी वीस वर्षे चालेन. पण मित्रांनो, मी तुम्हाला कळवळून सांगतो, माझ्यावर भरवसा ठेवू नका. माझ्या रंगावर नको, माझ्या नव्या सीलवर नको, 'पाचच मिनिटे' या शब्दांवर तर मुळीच नको. मी कितीही जीव तोडून धरले तरी मला सोडावे लागते, आणि सोडताना मला ओरडता येत नाही. तुमचे बाबा, काका, दादा, कोणीही नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरताना दिसले, तर लहान आहोत म्हणून गप्प बसू नका. ओरडा. रडा. त्यांचे पाय घट्ट धरा. ते रागावतील, हसतील, सोड म्हणतील. सोडू नका.