उत्साह या सदरात

पूर्णिमाबाईंच्या सहीवाचून प्रस्ताव पुढं सरकत नव्हता, म्हणून त्यांना मानाची खुर्ची आणि दोनदा चहा मिळाला होता. गगनबावड्याकडच्या एका वाडीतलं बाळंतपणाचं उपकेंद्र बंद करायचं होतं. वाडीतल्या बायकांच्या मुलाखती घेऊन तसा अहवाल तयार झाला होता, आणि तो दर्जेदार असल्याचा दाखला कोल्हापूरच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या पूर्णिमाबाईंनी समितीच्या सदस्या म्हणून द्यायचा होता.

अहवालवाल्या संस्थेचा राजवर्धन पुण्याहून मुद्दाम आला होता.

"सगळे निकष पूर्ण आहेत, मॅडम. बायकांचे शब्दही जसेच्या तसे. केंद्र तालुक्याला नेलं तर? सगळ्या म्हणाल्या, 'चालतंय की.' शंभर टक्के सहमती."

बाईंचं माहेर त्याच घाटमाथ्यावरचं. ते दोन शब्द वाचल्यापासून त्यांची कानशिलं तापली होती.

"रेकॉर्डिंग लावा."

अध्यक्षस्थानी बसलेल्या साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"लावा!" बाई पुन्हा म्हणाल्या.

वाडीतल्या मीनाबाईंचा खणखणीत आवाज आला. "चालतंय की, पावणं! दिवस भरलेली बाई, वर धो धो पाऊस, एस्टी न्हाय. चालतंय की! चालतच जाती की ती! वाटंत बाळंत झाली तर तुमी हायसाच की सुईण!" मागं बायका खो खो हसल्या.

"हे पुढचं अहवालात का नाही?"

"ते विषयांतर होतं," राजवर्धन म्हणाला. "पण हास्य नोंदवलंय. 'उत्साह' या सदरात."

"सूर सकारात्मकच वाटतो," साहेब म्हणाले.

"अहो, ती तुमची अक्कल काढतीय!" बाईंनी टेबलावर हात आपटला. "उद्या एखादी लेकरासकट वाटेत मेली, तर तिला कुठल्या सदरात घालणार?"

साहेबांनी समजुतीनं घेतलं. "किरकोळ दुरुस्ती सुचवा आणि सही करा, मॅडम. चालेल?"

"चालतंय की!" बाई कडाडल्या आणि पर्स उचलून दाराकडं निघाल्या.

मागं साहेब लिपिकाला शांतपणे सांगत होते, "लिहा. सदस्या सहमत."

बाई दारातून माघारी वळल्या. लिपिकापुढचा कागद ओढून 'सहमत' खोडलं, वर दांडग्या अक्षरात 'न्हाय' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"शासकीय कागद आहे, मॅडम. प्रमाण मराठीत लिहाल का?" साहेब म्हणाले.

"न्हाय," बाई म्हणाल्या. "आणि एवढं तरी जसंच्या तसं पुढं पाठवा."