ओझेल टार्पलीचा परत आलेला हात

ब्लूज गाणारा गिटारवाला ओझेल टार्पली वारला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात शिकागोहून व्हिटलो नावाचा गोरा माणूस दक्षिणेत डेल्टात आला आणि ओझेलच्या घरातल्या मागच्या खोलीतल्या टेपा ऐकत बसला. कुणीही न ऐकलेला ओझेल! व्हिटलोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर लुळा पडलेला डावा हात देवानं परत दिला आणि म्हातारा पूर्वीपेक्षा सरस वाजवू लागला, ही गोष्ट त्यानं गावातच ऐकली होती. रेकॉर्डच्या पाकिटावर तेच छापायचं ठरलं.

टेपांवरचा आवाज ओझेलचाच होता. गिटार मात्र त्याच्या मुलाची होती, कॉर्डेलची.

आई माशांच्या कारखान्यात कामाला गेली की बापलेक खिडक्या लावून बसत. म्हातारा मायक्रोफोनपुढे गायचा, कॉर्डेल मागे स्टुलावर बसून वाजवायचा. "बाहेर अवाक्षर काढलंस तर याद राख," बाप म्हणायचा. "ओझेल टार्पलीचा हात गेला असं या डेल्टात कुणी म्हणता कामा नये." कॉर्डेलनं ऐकलं. बापाचं न ऐकण्याची त्या घरात पद्धतच नव्हती. जन्मभर तो दुसऱ्यांच्या मागे बसून वाजवत आला होता, तेही परगावी, पोटापुरतं. पण त्या बंद खोलीत तो जे वाजवून गेला तसं पुन्हा त्याला कधी जमलं नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घोळ केला तो आईनं. व्हर्निसबाईनं त्या टेपा ऐकल्या आणि पुढच्याच रविवारी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली: माझ्या नवऱ्याचा हात प्रभूनं परत दिला! चर्चमध्ये उभं राहून दिलेली साक्ष म्हणजे काय चहाटळकी नव्हे. ब्लूजला सैतानाचं गाणं म्हणून नाकं मुरडणारी तीच मंडळी त्या दिवशी रडली, नाचली, आणि ओझेलच्या सगळ्या जुन्या भानगडी एका दमात माफ झाल्या. तो मेला तेव्हा त्याला चर्चच्या आवारात जागा मिळाली ती या साक्षीच्या जोरावर.

आता पाकीट सोमवारी छापायला जाणार होतं. रविवारी प्रार्थना संपली की व्हिटलोला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकायचं, असं कॉर्डेलनं ठरवलं. आई चार दिवस बोलणार नाही, नाही बोलली तर नाही. त्रेपन्न वर्षांच्या माणसानं एकदा तरी स्वतःचं नाव मागायला काय हरकत आहे?

व्हिटलो पुढच्याच बाकावर घाम पुसत बसला होता. रेव्हरंड हॅस्किन्सना त्याला बघून जास्तच चेव आला.

"या पाहुण्यांना चमत्कार ऐकायचाय!" ते गरजले. "बंधू कॉर्डेल, टेप चालवायला तू त्या खोलीत होतास. ऊठ बाबा! बापाचा हात हलताना तू डोळ्यांनी पाहिलास की नाही?"

"सांग बेटा, सांग!" मागून बायका ओरडल्या. "लाजतोस काय नवऱ्या मुलासारखा?"

कॉर्डेल उभा राहिला. खाली आई बसली होती, पांढरी टोपी, पांढरे हातमोजे, नजर समोर. नाही म्हटलं असतं तर देवाच्या घरात, सगळ्या गावादेखत ती खोटी ठरली असती. आणि बाप बाहेर मातीत पडलेला.

"पाहिला," तो म्हणाला. "मी पाहिला."

चर्च दणाणलं. ऑर्गन वाजू लागला, टाळ्या सुरू झाल्या. कॉर्डेल मटकन खाली बसला. त्याला स्वतःची इतकी घृणा आधी कधी वाटली नव्हती.

त्या गदारोळात आई त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "रोज रात्री तो हात मीच चोळत होते रे. नुसतं लाकूड होतं."

कॉर्डेल तिच्याकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"न कळायला मी काय आंधळी आहे?"

"मग साक्ष कशाला दिलीस?"

"नाहीतर त्या माणसाला पुरलं कुणी असतं? कुत्र्यासारखा शेताच्या कडेला टाकला असता." तिनं हातमोजा नीट केला. "त्याचे दिवस भरले होते. तुझं काय, तुझ्यापुढे वेळ पडलाय असं वाटलं मला."

आईचाही कॉर्डेलला राग येईना, हेच वाईट होतं.

दारात व्हिटलोनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. डोळे लालभडक झाले होते त्याचे. "एवढ्या मोठ्या कलावंताच्या पोटी जन्मलात, भाग्यवान आहात," तो म्हणाला. "तुम्हीही वाजवता का?"

आई शेजारीच उभी होती.

"नाही," कॉर्डेल म्हणाला.