फ्रिजमधल्या किल्ल्या

बाईंचं स्वरयंत्र मंगळवारी सकाळी साडेआठला काढणार होते आणि त्यासाठी सोमवारी दुपारी चारच्या आत दाखल व्हायचं होतं. जीव राहील, आवाज राहणार नाही, हे सर्जनने फार नम्रपणे सांगितलं. बाई म्हणजे तेवीस वर्षं बालवर्ग सांभाळलेल्या बाई. नवऱ्यासकट अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणे. त्या म्हणाल्या, "पोरांना इतक्यात कळवू नका हं, बाकांवर चढून नाचतील." सर्जन हसला नाही. चष्मेवाल्याला तर हसण्यासारखं काय आहे तेच कळेना.

चष्मेवाला म्हणजे बाईंचा नवरा. चौकात त्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या नाकावरची फ्रेम केसभर कलली तरी त्याला रस्त्यापलीकडून दिसायचं. बायकोचा बसलेला आवाज मात्र त्याने तीन महिने 'सर्दी असेल' म्हणून सोडून दिला होता. आता मुलीला सातवा महिना लागला होता. येणाऱ्या बाळाला आजीचा आवाज कधीच ऐकू येणार नाही, हा विचार त्याला धड जेवू देत नव्हता. त्यावर त्याने काढलेला तोडगा त्याच्या आवाक्याबाहेरचाच होता: आपण एक गाणं लिहायचं, गिटार आपणच वाजवायची आणि बाईंनी गायचं.

बाईंचा धाकटा भाऊ हॉटेलात जेवणाऱ्या लोकांपुढे गिटार वाजवून गायचा. त्याचं गाणं कोणी ऐकत नसल्यामुळे त्याला सल्ले द्यायची सवय लागली होती. त्याने आपलं रेकॉर्डिंगचं छोटं मशीन दिलं आणि सोबत सतरा कलमांचा कागद.

पहिलं कलम: डोळ्यांसमोरचं लिहा. चष्मेवाल्याच्या पहिल्या खर्ड्यात चांदणं होतं, सागर होता आणि एक नौका होती. बाईंनी लाल पेन काढलं.

"हा समुद्र कशाला? मला बोटीत मळमळतं, माहितीये ना?"

"अगं, ते आपलं कल्पनेतलं."

"कल्पनेत पण मळमळतं."

पेन खाली ठेवेपर्यंत एवढंच उरलं: 'हळूच लाव दार, घरात झोपलंय कोण.'

"चार वेळा म्हटलं की गाणं होतं, भाऊजी," मेहुणा फोनवर म्हणाला. "लोक याच्यावर पोट भरतात."

सोमवारी सकाळी अकरापासून दोघं कामाला लागली. कागदात सांगितल्याप्रमाणे तीनच कॉर्ड घेतले. बाईंना सुरापर्यंत चढायला लावण्यापेक्षा सूरच दोन पायऱ्या खाली आणला. भिंतीला रजई टांगली, पंखा बंद केला, घड्याळातला सेल काढला. चौदावं कलम फ्रिजचं होतं. त्याची घरघर माइकला गाण्याआधी ऐकू येते, म्हणून तो बंद करा, आणि बाहेर जायच्या किल्ल्या आतच ठेवा, म्हणजे निघताना फ्रिज चालू करायला विसरणार नाही. चष्मेवाल्याने गाडीच्या किल्ल्या अंड्यांच्या खाचेत ठेवल्या आणि त्याला मेहुण्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा आदर वाटला.

मग टेक सुरू झाले. पहिल्यात त्याचं बोट घसरलं. "नखं कापा की हो, तारेवर मांजर चालल्यासारखं वाटतंय," बाई म्हणाल्या. सोळावं कलम: बिघडलेला टेक लगेच पुसून टाका, मन त्यात अडकतं. त्याने पुसला. चौथ्यात बाईंना खोकला आला. सहाव्यात तो कॉर्ड विसरला आणि बाई इतक्या हसल्या की त्यांना घसा धरून खाली बसावं लागलं. तोही पुसला. नवव्यात त्या मध्येच थांबून म्हणाल्या, "अहो, रडायचं असेल तर बाथरूममध्ये जाऊन या. इथे नाकाचा आवाज येतो." पुसला. असे अकरा टेक त्याने इमानेइतबारे पुसले.

बारावा बिनचूक आला.

बाई कपडे बदलायला आत गेल्या. चष्मेवाल्याने हेडफोन कानाला लावले. सूर जागेवर होता, शब्द स्वच्छ होते, मागे टाचणी पडल्याचासुद्धा आवाज नव्हता. पण गाणारी बाई कोण होती? शाळा तपासायला साहेब आले की वर्गात जो आवाज निघतो, तो हा होता. या आवाजाने एकतीस वर्षांत त्याला एकदाही चहाला हाक मारली नव्हती. त्याने पुसलेले अकरा टेक शोधले. पुसलेलं परत आणायचं कलम कागदावर नव्हतं.

"अहो! तीन वाजत आले. गाडीच्या किल्ल्या कुठेत?"

"खिळ्यावर असतील."

"खिळ्यावर छत्री आहे! एकतीस वर्षं झाली, या माणसाला खिळ्यावर किल्ली अडकवता येत नाही. दुकानात लोकांच्या चष्म्याचे एवढेएवढे स्क्रू सापडतात, घरात स्वतःचा पाय सापडत नाही!"

चष्मेवाला उभ्या जागी थिजला. हाच तो आवाज. घोगरा, फाटका, दोन खोल्या ओलांडून येणारा, फक्त त्याच्यासाठीचा. त्याने धावत जाऊन मशीनचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. दारात आलेल्या बाईंनी तो पाहिला, पदर नीट केला आणि साहेबांसमोर बोलावं तशा म्हणाल्या, "किल्ल्या सापडत नाहीत."

"मी बंद करतो हं," तो म्हणाला आणि मशीनवर टॉवेल टाकला. बंद केलं नाही.

त्या क्षणी त्याला किल्ल्या आठवल्या. स्वयंपाकघर सात पावलांवर होतं. तो पलंगाखाली वाकून शोधायला लागला.

बाईंनी कपाट उपसलं, त्याच्या सगळ्या पँटींचे खिसे उलटे केले आणि प्रत्येक खिशावर स्वतंत्र भाष्य केलं. तो बुटांत हात घालून बघत होता आणि मनात म्हणत होता, अजून एक वाक्य, फक्त एक. सव्वातीन झाले. मग बाईंचा आवाज मध्येच तुटला. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

"उशीर झाला तर बेड दुसऱ्याला देतील," त्या पुटपुटल्या. "आजची तारीख गेली तर माझ्याच्यानं परत तयारी नाही व्हायची. मी कशी तयार झालेय ते माझं मला माहीत."

चष्मेवाला उठला, सात पावलं चालला आणि फ्रिज उघडून किल्ल्या घेऊन आला. त्या अजून गार होत्या.

बाईंनी किल्ल्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे. मग त्यांनी टॉवेल उचलला. तेवीस वर्षं बालवर्ग सांभाळलेल्या माणसाला याहून जास्त पुरावा लागत नाही.

"केव्हापासून माहीत होतं?"

"पँटींच्या आधीपासून."

बाईंनी चष्मा लावून बटणं शोधली. रेकॉर्डिंग बंद केलं आणि कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबलं.

"अगं, नको ना," तो म्हणाला. "माझ्यासाठी तरी."

"बाळानं मला गाताना ऐकायचं. बोंबलताना नाही. बारावं छान आलंय, तेच ठेवायचं." त्यांनी मशीन त्याच्या हातात दिलं. "आणि फ्रिज चालू करा."

गाडीत बाई बॅग मांडीवर घेऊन बसल्या. अर्धा रस्ता संपला तरी त्या बोलेनात. चढावर त्याच्याकडून तिसरा गिअर तसाच राहिला आणि इंजिन हुंदके द्यायला लागलं.

"दुसरा टाका," बाई म्हणाल्या. "गाडी रडतीये."

त्याने दुसरा टाकला. पुढच्या सिग्नलला त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि गाडी नीट विचार करून तिसऱ्यावर उचलली.

"अहो!"

हॉस्पिटलचं फाटक येईपर्यंत सिग्नल अजून चार होते.