होडीघरात बोललेलं

तांडेल म्हणून होडी चालवणाऱ्या सदाने मासेमारी सोडली ती पायामुळे. दोरखंडात अडकून घोटा मोडला, तो नीट बसलाच नाही. मग दिघीच्या घरात पडवीत बसून तो सागाच्या तुकड्यांच्या छोट्या होड्या करायला लागला. हातभर लांब, पण शिडापासून सुकाणूपर्यंत सगळं जागच्या जागी. त्या होड्या बघणार कोण? बायको मैना म्हणायची, "घरात माणसांना बसाया जागा न्हाय नि तुमचं बंदर वाढतंच हाय."

बघणारे मिळाले ते फोनवर. 'होडीघर' नावाचा गट होता. चारशेच्या आसपास माणसं, कोणी मुरूडचं, कोणी मालवणचं, कोणी पार दुबईत नोकरीला असलेलं. सगळी हौसेने लहान होड्या करणारी. गट चालवायची तळा गावची कुणी किशोरी. सदाने तिला पाहिलं नव्हतं. त्याला लिहायला कष्ट पडत, म्हणून तो फोटो टाकायचा आणि खाली आवाज पाठवायचा. किशोरी नेमकं विचारायची. नाळ एवढी उंच का ठेवलीत? तळाला फळ्या किती बसवल्यात? मग सदा खुलायचा. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, ते लाटेला कसं भिडतं हे तो पाच-पाच मिनिटं सांगत बसायचा.

एवढं असूनही त्याने तिला कधी 'बरं केलंस बाई' असं म्हटलं नाही. म्हणायचं असतं हेच त्याच्या डोक्यात नव्हतं. जेटीवर तिकीट फाडणाऱ्याचे कोण आभार मानतं? हीसुद्धा कुठल्या तरी कंपनीची पगारी बाई असणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

तीन आठवड्यांमागे एका सकाळी सदाने गटात देवीचा फोटो टाकला, सुप्रभात लिहिलेला. किशोरीने तो काढला आणि त्याला एकट्याला कळवलं, 'काका, राग मानू नका. इथे फक्त होड्यांचे फोटो ठेवतो आपण.' सदाचं डोकं फिरलं. देवीला काढलं म्हणजे काय? त्याने फोन तोंडाशी धरला आणि सगळ्या गटाला ऐकू जाईल असं बोलला.

"बाई, पगार घेता तो मुकाट घ्या. आमच्यावर रुबाब कशाला? नाळ किती, फळ्या किती, विचारतेस रोज. तुला काय कळतंय होडीतलं? जन्मात रंधा धरलास का कधी? देवीला हात लावतेस, तुझ्या घरात कोण सांगणारं हाय का न्हाय?"

पन्नास-साठ जणांनी हसरे चेहरे टाकले. कोणी लिहिलं, 'तांडेल, एकच नंबर.' किशोरीचं उत्तर आलं नाही. सदाला वाटलं, जिरली.

मग गुरुवारी गटात तिच्या चार ओळी आल्या. 'येत्या रविवारी संध्याकाळी होडीघर बंद करत आहे. सर्वांनी आपापले फोटो उतरवून घ्यावेत. इतकी वर्षं सोबत दिलीत, आभारी आहे.'

सदा फोन घेऊन जेटीवर तुकारामच्या चहाच्या टपरीवर गेला. तुकारामही गटात होता.

"कंपनीनं काढली वाटतं तिला," सदा म्हणाला.

तुकारामने किटली खाली ठेवली. "कसली कंपनी?"

"पगार देणारी."

"तुला कुणी सांगितलं पगार मिळतो म्हणून? अंगणवाडीत हाय ती. पोरं घरी गेली की बसते फोन घेऊन. कुणाचं भांडण सोडव, कुणाला लाकूड कुठं मिळंल ते सांग. सगळं पदरमोड करून."

"मग तवा का न्हाय बोललास?"

"तू बोलाया जागा ठेवलीस? नि मीबी हसलोच की, लाज वाटते आता. तू एवढा तांडेल, समुद्र वाचतोस, नि एक बाई वाचता आली न्हाय तुला."

सदाला त्या रात्री जेवण गेलं नाही. मैनाला काही सांगायची गरज नव्हती. तो गटात बोलला तेव्हा ती तिथेच भाजी निवडत होती. शनिवारी ती एवढंच म्हणाली, "जाऊन या. तोंडानं केलंय, तोंडानंच निस्तरा. बंद नको करू म्हणावं."

रविवारी पहाटे सदाने बंदरावरून दोन पापलेटं आणि मूठभर कोलंबी घेतली. होडी किनाऱ्याला लागली की ओढायला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा मासळीत वाटा असतो. तो न दिला तर होडीवाला माणसातून उठतो. या बाईने आपली होडी किती वर्षं ओढली, आणि आपण तिला वाटा सोडाच, शिव्या दिल्या. बर्फ घातलेली पिशवी मांडीवर घेऊन तो बोर्ली पंचतनला आला, तिथून म्हसळा, तिथून तळ्याची एसटी. वाटभर तो वाक्य जुळवत होता. चुकलो पोरी. तू होतीस म्हणून माझ्या होड्या कुणी पाहिल्या.

अंगणवाडीतली किशोरी म्हटल्यावर घर सापडायला वेळ लागला नाही. किशोरी दारात आली. चाळिशीची, बारीक, डोळे सुजलेले. सदाने नाव सांगितलं. ती बाजूला सरली आणि म्हणाली, "या काका. पाय दुखत असेल, बसा."

त्याने पिशवी पुढे केली. "वाटा हाय तुझा. ताजं हाय."

तिने हात पुढे केला नाही. "घरात सुतक आहे काका. बाबा गेले सोमवारी. मासे नाही चालायचे."

सदाने पिशवी मागे घेतली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. कुठे ठेवावी ते त्याला कळेना. शेवटी पायरीच्या बाहेर ठेवली.

तिने पाणी आणलं. भिंतीवर एका म्हाताऱ्याचा फोटो होता, हार घातलेला. खाली कोनाड्यात रंधा, वाकस, सुताराची सगळी हत्यारं पुसून मांडलेली.

"होड्या बांधायचे?" सदाने विचारलं.

"पन्नास वर्षं. रामचंद्र सुतार म्हटलं की मांदाडपर्यंत ओळखायचे. पुढे साखरेच्या आजाराने डोळे गेले, मग खाटच धरली. त्यांच्यासाठीच गट काढला होता मी. फोटो आला की मी त्यांना सांगायची, कसा आहे, काय आहे. ते विचारायचे, मी लिहायची."

"नाळ किती उंच..."

"ते सगळं बाबाच विचारायचे. मला कुठलं कळायला? आंधळा म्हणून लोक उगीच गोड बोलतील, म्हणून कुणाला सांगू नको म्हणायचे."

पुढचं विचारू नये असं सदाला वाटत होतं, पण तोंडातून गेलंच. "मी बोललो ते..."

किशोरीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमचा आवाज त्यांना फार आवडायचा. दिघीचा तांडेल आला, म्हणायचे. त्यामुळे तुमचं काही आलं की मी आधी ऐकत नसे. सरळ त्यांच्या उशाशी फोन ठेवून लावायची. त्या दिवशीही तसंच लावलं."

बाहेर कुणाची तरी स्कूटर गेली. किशोरीने कोनाड्यातला रंधा सरळ केला.

"मी बंद करायला गेले, तर बाबा म्हणाले, राहू दे, पुरं होऊ दे. सगळं ऐकलं. मग म्हणाले, या माणसाचे हात चांगले आहेत गं. बस, एवढंच. पण त्यानंतर त्यांनी आज काय आलं म्हणून विचारलं नाही. मी सांगायला गेले की भिंतीकडे तोंड करायचे."

तिच्या बोलण्यात राग असता तर सदाला सोपं गेलं असतं. "तुमच्यामुळे गेले असं नाही हं काका," ती म्हणाली, "त्यांचं दुखणं जुनंच होतं. आता ऐकायला कुणी नाही, म्हणून बंद करते."

वाटभर जुळवलेलं एकही वाक्य त्याला सापडलं नाही. बंद करू नकोस, हे तर कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याने फोटोला हात जोडले, "येतो," म्हणाला आणि उठला. तिने दारापर्यंत येऊन पायरी उंच आहे, जपून, असं सांगितलं.

म्हसळ्याच्या स्टँडवर बसल्यावर त्याला सुचलं. शिवी दिली ती चारशे जणांत. मग माफीही चारशे जणांतच मागायला हवी. त्या पन्नास-साठ हसणाऱ्यांनाही कळू दे, प्रश्न कोण विचारत होतं ते. बाकी कुणी नाही ऐकलं तरी ती ऐकेल, निदान तिला कळेल. पण स्टँडवर गाड्यांचा गोंगाट, भोंगे. असलं बोलणं अशा गलबल्यात करायचं नसतं. घरी गेल्यावर, शांतपणे, मैनाला शेजारी बसवून. अजून संध्याकाळ व्हायची होती.

गाडी तासभर उशिरा सुटली. तो घरी पोचला तेव्हा मैना दिवा लावत होती. "भेटली?" तिने विचारलं.

"बस इथं," सदा म्हणाला. "मी बोलतो ते ऐक. चुकलं तर सांग."

त्याने होडीघर उघडलं. फोटो होते सगळे, त्याच्या होड्याही. पण खाली बोलायची जागा नव्हती. तिथे एक ओळ होती. ती त्याने एकेक अक्षर लावत वाचली. 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात.'

"काय झालं?" मैना म्हणाली.

"मिटलं. बंद केलं तिनं."

"तिला एकटीला पाठवा मग."

"पाठवीन," तो म्हणाला. "तिला पाठवीन." पण आवाज भरताना दाबायचा तसा त्याचा अंगठा त्या ओळीवरच दाबलेला राहिला, आणि त्या काचेपुढे तो हळू आवाजात बोलायला लागला, सगळं, पहिल्यापासून. मैनाने त्याला थांबवलं नाही.