भात सोडलेला माणूस

दत्तारामने भात सोडला आणि रायगडाखालच्या पाचाड गावभर त्याचा बोलबाला झाला. गावकीच्या बैठकीत जाणती माणसं पोरांना सांगू लागली, "मन घट्ट पायजे तर दत्तारामसारखं!" दत्ताराम मान खाली घालून ऐकायचा. कान मात्र उभे.

सोडून करणार काय? पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. भात कमी करा." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. माणूस घरी काय खातो ते विचारायला सवड कुणाला?

भात गेला तशी पोटात आग पडली. बायको, कमळाबाई, भाकऱ्या थापून थापून दमली. सकाळी भाकरी, रात्री भाकरी, मधल्या वेळेला घावनं, आणि जीव फारच कासावीस झाला तर वाडगाभर पेज. सगळं घरच्या तांदळाचं. पण भात कुठं होता तो? भात शिजतो टोपात, भाकरी भाजते तव्यावर. दोघांचा संबंध काय!

पुढच्या तपासणीला साखर आणखी चढलेली. दत्ताराम खवळला.

"मॅडम, तुमचं मशीन बिघाडलंय. भाताच्या शिताला शिवलो नाय मी!"

"मग खाता काय?"

"भाकरी."

"कसली?"

"कसली म्हंजे? तांदळाची!"

बाईंनी कपाळाला हात लावला. हेच गेल्या खेपेला विचारलं असतं तर कपाळ वाचलं असतं.

"काका, तांदूळ दळला म्हणून त्याची साखर व्हायची थांबत नाही. भात पुरता सोडायलाही मी सांगितलं नव्हतं. एका वेळेला लहान वाटीभर भात, नाहीतर अर्धी भाकरी. दोन्ही नाही. बाकी ताट भाजी-आमटीनं भरा. आणि गोळी घेऊन उपाशी राहू नका."

बाहेर येताच तो सोबत आलेल्या बायकोवर घसरला. "तुला कळत नव्हतं गो?"

"कळत व्हतं. पन तुमी बैठकीत गाजत व्हता. माजं ऐकलं असतंत?"

"गावात बोलू नको कुठं."

"आनि अंगठा गेल्यावर काय सांगाल? गडावर इसरून आलो म्हून?"

त्याच आठवड्यात शेजारच्या भागोजीकडे मटणाचं जेवण होतं. भागोजीलाही साखर, गोळ्या चालू. तो पंगतीतूनच ओरडला, "दत्तारामला भात नको रे! भाकऱ्या वाढा, भाकऱ्या!"

पत्रावळीवर तीन भाकऱ्या पडल्या. सगळी पंगत कौतुकानं बघत होती. दत्तारामने मांडीखाली दुमडलेल्या पायाची पट्टी बांधलेली बोटं हलवून बघितली. अंगठा ठणकला.

"उचल ह्या. अर्धीच ठेव," तो वाढणाऱ्याला म्हणाला. मग घसा खाकरून मोठ्यानं म्हणाला, "भाकरी पन तांदूळच हाय. भात सोडून मी ह्याच चेपल्या. साखर चढली माझी."

पंगत खदाखदा हसली. "म्हंजे सगळं ढोंगच की रे!"

दत्तारामचे कान तापले. त्याने अर्धी भाकरी मोडली, काकडी जवळ ओढली आणि खाली बघून जेवू लागला.

भागोजीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. ते पुसून त्याने वाढणाऱ्याकडे हात केला, "त्या उचललेल्या भाकऱ्या आन रे इकडं. मी काय भात सोडलेला नाय!"